माझ्या हातांनी सांगितलेलं

माझ्या धाकट्या भावाला जन्मापासून ऐकू येत नाही. आमच्या गावात, बावड्यात, त्याला सगळे मुका म्हणतात. वाईट मनानं कुणी म्हणत नाही, एखाद्याला लांब्या म्हणावं तसं म्हणतात. शाळेच्या दाखल्यावरचं त्याचं नाव गावात फारसं कुणाला ठाऊक नाही. हाक मारून उपयोग नसल्यामुळं घरातही ते कमीच वापरलं गेलं. त्याला बोलवायचं असलं की आई दिव्याचं बटण दोनदा दाबायची. वीज नसली तर अंगणात त्याच्या पायाशी मातीचं ढेकूळ टाकायची. तो वळून बघायचा आणि हसायचा.

तो मुक्या मुलांच्या निवासी शाळेत होता. सुट्टीत घरी यायचा तेव्हा त्याच्याकडं एवढं सांगण्यासारखं साठलेलं असायचं की त्याचे हात थांबायचे नाहीत. आई आणि तात्यांना उसातून सवड नव्हती. जेव, झोप, ये, पाणी, शाणा हो, यापुढं त्यांच्या खुणा कधी गेल्या नाहीत. मी मात्र त्याच्यासमोर बसून राहायचे. एकेक खूण तो माझ्या बोटांना धरून शिकवायचा, चुकली तर कपाळावर हात मारून घ्यायचा. माझ्यासाठी त्यानं एक खूण ठरवली होती, कानामागून खाली बोट ओढायचं, वेणीसारखं. ती खूण म्हणजे मी.

त्यामुळं झालं असं की जगाशी त्याचं बोलणं माझ्यातून सुरू झालं. दवाखान्यात डॉक्टर माझ्याकडं बघून विचारायचे, "ह्याला कुठं दुखतंय?" बँकेत, बसमध्ये, न्हाव्याच्या दुकानात मी. माझं लग्न ठरलं, लासुर्ण्याला द्यायचं झालं, तेव्हा आई हळदीच्या आदल्या दिवशी घरामागच्या परड्यात एकटीच रडत होती. मी जवळ गेले तर म्हणाली, "तू जाशील त्याचं न्हाय ग. पोरी जात्यातच. पर तू त्येचं तोंड घिऊन चाललीस."

नशीब म्हणजे तोवर व्हिडिओ कॉल आला होता. पण एका हातात फोन धरला की खुणा करायला एकच हात उरतो, आणि अर्ध्या खुणांनी भलताच अर्थ होतो. म्हणून मी फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवते. सासूबाईंनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्यांना वाटलं सून फोनपुढं नाचती. आता त्याच सांगतात, "भावाचा फोन हाय, पिठाचं हात धू आदी."

बारामतीच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत दिव्यांग मुलं घेणार आहेत असं त्याच्या शाळेतल्या मित्राकडून कळलं. भाज्या आणि मक्याचे दाणे गोठवून पॅक करायची कंपनी. मुलाखतीला मी सोबत गेले. साहेबांनी विचारलं, मी हातांनी सांगितलं, तो जे म्हणाला ते मी तोंडानं सांगितलं. तो निवडला गेला. बारामतीतच त्यानं कंपनीतल्या तीन-चार जणांबरोबर खोली घेतली.

पहिल्या आठवड्यातला त्याचा फोन मला अजून आठवतो. गळ्यातलं ओळखपत्र त्यानं कॅमेऱ्यासमोर इतकं जवळ धरलं की मला काही दिसेना. मग मागं नेलं. फोटो आणि खाली नाव. तो म्हणाला, म्हणजे हातांनी म्हणाला, "इथं सगळे हेच म्हणतात."

मी विचारलं, "तुला कसं कळलं?"

"ओठांवर बघितलं," तो म्हणाला. "माझं नाव ओठांवर कसं दिसतं ते मला आधी माहीत नव्हतं."



त्या कंपनीत सगळं वाईट होतं असं मी सांगणार नाही. त्याचा सुपरवायझर माणूस म्हणून चांगला होता. दिव्यांग दिनाला कंपनीनं कार्यक्रम ठेवला, मला बोलावलं, गुलाबाचं फूल दिलं. भावाचा फोटो भिंतीवर लागला होता, खाली लिहिलं होतं, 'आमचे विशेष सहकारी'. चहाच्या वेळी सुपरवायझर मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, मला दोन-चार खुणा शिकवा की. थांब, पुरे, छान एवढ्या." मी शिकवल्या. 'छान' त्याला लगेच जमली. 'थांब' तो विसरायचा आणि भावाच्या पुढ्यात जाऊन दोन्ही हात पसरून उभा राहायचा, कोंबडी अडवल्यासारखा. भाऊ त्याची नक्कल करून दाखवायचा आणि आम्ही दोघं हसायचो.

सुरक्षेचं प्रशिक्षणही झालं होतं. सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवून कुणीतरी तासभर बोललं. त्या दिवशी मला बोलावलं नव्हतं. काय सांगितलं, असं मी विचारलं तर तो म्हणाला, "मध्ये एकदा सगळे हसले. मीपण हसलो."

मग तो दिवस आला. मी ते सगळं त्याच्याकडून ऐकलं आणि नंतर सुपरवायझरकडून, दोन्ही जोडून सांगते.

दुपारची पाळी होती. भाऊ कोल्ड रूममध्ये क्रेट रचत होता. बाहेर भोंगा झाला. आग लागली तर काय करायचं याचा सराव होता तो, खरी आग नव्हती. सगळे ठरल्याप्रमाणं उठले आणि गेटजवळच्या मोकळ्या जागेत जाऊन उभे राहिले. उन्हात उभं राहून गप्पा मारत होते, कुणी फोटो काढत होतं. हजेरी घेताना प्रत्येकाला वाटलं, तो दुसऱ्या कुणाच्या रांगेत असेल.

भाऊ कोल्ड रूममधून बाहेर आला तर हॉल रिकामा. पट्टा थांबलेला, त्याच्यावर मक्याचे दाणे तसेच पडलेले, कुणाचे तरी हातमोजे जमिनीवर. कोल्ड रूम थंड ठेवायला जो गॅस असतो, त्याची त्याला पहिल्यापासून भीती होती. खोलीवरच्या पोरांनी त्याला कधीतरी हातवारे करून सांगितलं होतं, गॅस सुटला की माणूस असा गळा धरतो आणि असा पडतो. त्याला वाटलं, गॅस सुटलाय. सगळे पळाले. मला कुणी सांगितलं नाही.

त्यानं रुमाल नाकाला बांधला आणि मागच्या दाराकडं धावला, कारण ते जवळ होतं. ते बाहेरून बंद, आणि पुढच्या दाराला परत कोल्ड रूमवरूनच जायचं. फोन लॉकरमध्ये, आत न्यायला परवानगी नसते. नाहीतर त्यानं मला लावला असता. त्या वेळेला मी लासुर्ण्यात पेरूला कागदी पिशव्या बांधत होते. फोन आला असता तर घेतला असता, आणि घेऊन काय केलं असतं, कुणास ठाऊक.

शेवटी त्यानं क्रेट उचलून खिडकीची काच फोडली आणि त्यातून बाहेर पडला. हात मनगटापासून कोपरापर्यंत फाटला. इमारतीला वळसा घालून तो पुढं आला तेव्हा सराव संपत आला होता, कुणीतरी "छान झालं" म्हणून टाळ्या वाजवत होतं. रक्तानं भरलेला, तोंडाला रुमाल बांधलेला माणूस समोरून धावत येताना बघून बायका ओरडल्या. तो मात्र त्यांना उलटं ढकलत होता. लांब पळा, लांब पळा, असं हातांनी सांगत होता. गॅस सुटलाय, तुम्ही इतक्या जवळ का थांबलाय? त्याला त्यांचं कळेना आणि त्यांना त्याचं. सुपरवायझर मला म्हणाला, "ताई, त्यो आमाला वाचवाय बघत हुता आन आमी त्येला धरून दाबत हुतो."

टाके पडले. दवाखान्याचं सगळं कंपनीनं केलं. मला कंपनीतून फोन आला तो चार-पाच दिवसांनी. एचआरच्या मॅडम बोलत होत्या, "तुम्ही एकदा याल का? त्यांच्याशी थोडं बोलायचं आहे, आणि तुमच्याशिवाय आम्हाला जमणार नाही."

मला वाटलं चौकशी असेल. एसटीत बसून मी मनात तयारी करत होते. घरी आम्ही दिव्याचं बटण दाबून त्याला बोलावतो, ते मी सांगणार होते. भोंग्याबरोबर एक दिवा लागला, लाल, उघडझाप करणारा, तर त्याला लगेच कळेल. कोल्ड रूममध्येही एक. शिवाय शेजारच्या माणसानं खांद्यावर हात मारायचा, बास. अवघड काय आहे त्यात? मी ते दोनदा मनात म्हणून बघितलं, शहरी भाषेत.

खोलीत साहेब होते, मॅडम होत्या, कोपऱ्यात सुपरवायझर उभा होता. भाऊ आधीच येऊन बसला होता, हाताला पांढरी पट्टी, इस्त्रीचा शर्ट. चहा आला, बिस्किटं आली. मॅडम हळू आवाजात बोलायला लागल्या. भाऊ किती मेहनती आहे, किती वेळेवर येतो. मी ते सांगत गेले. तो मान हलवत होता. मग त्या म्हणाल्या, "पण जे झालं त्यानंतर वरच्या लोकांनी विचारलं, उद्या खरंच काही झालं तर जबाबदार कोण? त्यांच्याच सुरक्षिततेसाठी आम्हाला वाटतं..."

मी थांबले. माझे हात मांडीवर आले.

मॅडम म्हणाल्या, "सांगा ना त्यांना."

मी आधी दिव्याचं बोलले. सगळं बोलले, जसं ठरवलं होतं तसं. साहेबांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "कल्पना चांगली आहे. पण हे माझ्या हातात नाही. मंजुरी वरून येते, तोवर विमावाले ऐकणार नाहीत." मी म्हणाले, तोवर त्याला दुसरीकडं ठेवा, गेटपाशी, ऑफिसात, कुठंही. ते म्हणाले, गेटवर माणसाला ऐकू यायला हवं. मी सुपरवायझरकडं बघितलं. त्यानं खाली बघितलं.

भाऊ माझ्या दंडाला हात लावत होता. "काय म्हणतायत? काय म्हणतायत?"

त्याच्यापासून काही लपवता येत नाही. तो हात नंतर बघतो, चेहरा आधी. तरी मी सांगेपर्यंत त्याला आशा होती. मी सांगितलं. काम बंद. काम संपलं अशी खूण आम्ही रोज वापरायचो, पाळी संपली, घरी चाललो, तीच खूण. म्हणून त्यानं आधी आजचं काम संपलं असंच घेतलं. मला पुढं 'नेहमीसाठी' करावं लागलं. ते मी माझ्या हातांनी केलं.

त्यानं विचारलं, "माझं काय चुकलं?"

त्याच्या वतीनं बोलताना मी 'मी' म्हणते, पहिल्यापासून तशीच सवय आहे. मी साहेबांकडं बघून म्हणाले, "माझं काय चुकलं?"

"तुमचं काहीच चुकलं नाही," साहेब म्हणाले.

ते मी त्याला सांगितलं.

"मग का?"

"मग का?" मी म्हणाले.

कुणी काही बोललं नाही, आणि गप्प बसण्याची खूण मला करता येईना. मॅडमचे डोळे भरले होते. मला त्यांचा रागही येईना, तेच मला सगळ्यात जड गेलं. भांडायला समोर कुणी वाईट माणूस असता तर बरं झालं असतं.

भाऊ उठला. गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. सुपरवायझर पुढं झाला आणि त्यानं 'छान' अशी खूण केली. त्याला येत होती तीच. दुसरी काय करावी त्याला कळलं नसणार. भाऊ त्याच्याकडं बघत राहिला आणि दार उघडून गेला.

तोही बावड्याला घरी निघाला होता, पण स्टँडवर माझ्यापासून लांब बसला. मी समोर जाऊन उभी राहिले तर त्यानं डोळे मिटून घेतले. ज्याला ऐकू येत नाही त्यानं डोळे मिटले की संपलं, पुढं काही बोलताच येत नाही. मी तशीच उभी राहिले. बस आली. लासुर्णे आलं तेव्हा मी त्याच्या खांद्याला हात लावला, उतर, जेवून जा, म्हणाले. त्यानं मान हलवली नाही, काही नाही. मी उतरले, बस इंदापूरकडं गेली.

त्यानंतर त्याचा फोन बंद झाला. म्हणजे फोन चालू होता, माझा उचलत नव्हता. आई सांगायची, जेवतो, रानात जातो, रात्री झोपतो. मी एकदा बावड्याला गेले. परड्यात गाठून विचारलं, माझ्यावर का राग? त्यानं हातातलं उसाचं पातं टाकलं. मग म्हणाला, "त्यांचं तोंड मी बघत नव्हतो. तुझे हात बघत होतो. रात्री डोळे मिटले की तुझेच हात दिसतात, काम बंद म्हणताना."

मी म्हणाले, "मी नसतं सांगितलं तर कुणी सांगितलं असतं?"

"माहीत आहे," तो म्हणाला. "तरी."



तात्या म्हणाले, तक्रार कर कुठंतरी. मी केली, म्हणजे करायला गेले. एका कचेरीत सांगितलं, हा विषय आमच्याकडं येत नाही, पुण्याला जा. दुसरीकडं एका माणसानं आपुलकीनं बसवून घेतलं आणि म्हणाला, "कंपनीनं ठेवलं हुतं हेच लई झालं की. कोण घेतंय आजकाल?" दिव्यांगांसाठी एक फोन नंबर होता, तो मी लावला. पलीकडच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तक्रार ज्यांची आहे त्यांनाच बोलू द्या."

मी म्हणाले, "त्याला ऐकू येत नाही, बोलता येत नाही. तक्रारच ती आहे."

"हो, पण नियमानं त्यांनीच फोनवर बोलायला हवं. तुम्ही कोण?"

मी कोण? मी फोन कानाशी धरून अंगणात उभी होते. सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणत्यात?" मी म्हटलं, त्याला द्या म्हणत्यात. त्या हसल्या, मग त्यांचं हसू थांबलं, मग माझा फोन त्यांनी माझ्या हातातून घेऊन बंद केला. म्हणाल्या, "चल, जेव."

पावसाळा गेला. एक दिवस सुपरवायझरचाच फोन आला. घाईत होता, मागं यंत्रांचा आवाज. "ताई, एक सांगायचं हुतं. लाल दिवे बसलं. सगळीकडं. परदेशातला कुणी साहेब तपासणीला आला हुता, त्येनं सांगितलं, आवाजात भोंगा आयकू येत न्हाय, दिवे लावा. लावलं लगीच."

मी म्हणाले, "मग त्याला बोलवा की."

तो म्हणाला, "जागा भरली ओ ताई. मी इचारून बघितलं, खरंच बघितलं. पर म्या तुमाला सांगायचं म्हणून सांगितलं. तुमीच म्हणला हुता ना त्या दिशी."

हे भावाला सांगावं का, याचा विचार मी बरेच दिवस केला. त्याला कुणीतरी सांगितलंच असतं, खोलीवरच्या पोरांनी. म्हणून मी गेले आणि सांगितलं. तो रागावला नाही. त्यानं विचारलं, कोल्ड रूममध्येपण बसलाय का? मी म्हणाले, असं ऐकलंय. त्यानं मान हलवली. "तिथं एक म्हातारी बाई यायची क्रेट मोजायला," तो म्हणाला, "तिला कमी ऐकू येतं. ती कुणाला सांगत नाही. बरं झालं तिला."

आता तो इंदापुरात महामार्गाच्या कडेला ट्रक धुवायच्या ठिकाणी काम करतो. आमच्या ह्यांना पेरू घेऊन बाजारात जायचं होतं, तर मीही टेम्पोत बसून गेले आणि त्याच्याकडं उतरले. तो गुडघ्यापर्यंत ओला होता, पाइप धरून एका ट्रकच्या चाकांवर पाणी मारत होता. मला बघून त्यानं पाइप दुसऱ्या हातात घेतला आणि माझी खूण केली. कितीतरी महिन्यांनी केली. मी तिथंच रडले असते, पण मालक समोर उभा होता.

मालकाला त्याला काहीतरी सांगायचं होतं. त्यानं माझ्याकडं बघितलं, "तुमी ह्येची भन का? मंग सांगा की त्येला, मागल्या बाजूला ग्रीस हाय, तितं पाणी मारू नको, आदी फडक्यानं पूस."

माझे हात वर आले होते. भावानं मान हलवली, नको. खिशातून फोन काढला, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला, आणि मालकापुढं धरला. त्यात बोललेलं लिहून दाखवणारं काहीतरी त्यानं घेतलं होतं. मालकानं फोनला तोंड लावून ओरडून सांगितलं. भावानं वाचलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि मला दाखवलं. फोनला आमची भाषा समजत नाही. त्यावर लिहून आलं होतं, 'मागल्या बाजूला ग्रीस आय तीत पाणी मार नको आधी फडके पुस्तक'.

मालकाला मी वाचून दाखवलं. त्यानं पुन्हा ओरडून सांगितलं, आणखी मोठ्यानं, फोन बहिरा असल्यासारखा. पुन्हा काहीतरी वेगळंच आलं. मागं दुसरा ट्रक येऊन थांबला, ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. मला एका क्षणात सांगता आलं असतं. भावानं माझ्याकडं बघितलं आणि परत मान हलवली. मी हात पदराखाली घेतले.

शेवटी मालक वैतागून स्वतःच चाकाशी वाकला, ग्रीसवर बोट ठेवलं, फडकं घेऊन पुसून दाखवलं. भावाला कळलं. तो पुसायला बसला. मालक कमरेवर हात ठेवून मला म्हणाला, "कामाला चांगला हाय ओ. पर दर येळला कोन वाकंल? पोरगं आयकणारं मिळालं तर बघनार हाय मी. तुमाला आदीच सांगून ठिवतो."

भाऊ ट्रकखाली होता. त्याची पाठ आमच्याकडं होती. हे त्यानं ऐकलं नाही, बघितलंही नाही. मालक माझ्याकडं बघत उभा राहिला, मी हे त्याला सांगेन अशा अपेक्षेनं. टेम्पोचा हॉर्न वाजला, आमचे हे रस्त्यापलीकडून बोलवत होते. माझे हात पदराखालीच होते.